देखाव्याच्या पाटीवर साल कोणतं घालू? (महाराष्ट्र फिल्म कंपनी, कोल्हापूर)

हळदगल्ली
मंडळी, घाईचा प्रश्न आहे. आमचं मंडळ सांगलीच्या गावभागातलं. मंडळ लहान, वर्गणी त्याहून लहान. दरवर्षी आम्ही अफझलखान नाहीतर कालियामर्दन करतो. यंदा पोरांनी हट्ट धरला की काहीतरी निराळं पाहिजे, आणि माझ्या तोंडून निघून गेलं की बाबूराव पेंटरांनी कोल्हापुरात मूकपटांची कंपनी काढली तो प्रसंग करू. आता ते लोढणं माझ्याच गळ्यात आलंय.

चार पुतळे ठरलेत. कॅमेरा पुठ्ठ्याचा, त्याचं हँडल फिरतं दाखवायचं. अडलंय ते पाटीवर. रंगारी दिवसातून दोनदा फोन करतो, "काका, साल सांगा, बाकी सगळं लिहून झालंय." माझ्याकडे सालं तीन जमलीत. कोल्हापूरचे मित्र म्हणतात १ डिसेंबर १९१७, त्या दिवशी दरवर्षी खरी कॉर्नरला कॅमेरा स्तंभाला हार घालतात. एका पुस्तकात १९१८ आहे. एका जाडजूड इंग्रजी पुस्तकात १९१९. कोणतं घालू? चुकलं तर आरतीला येणारे रिटायर मास्तर मला विसर्जनापर्यंत सोडणार नाहीत.

मिरज_जंक्शन
साल राहू द्या. कोल्हापूरचं कौतुक सांगलीच्या मांडवात कशाला, ते आधी सांगा. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली इथं सीतास्वयंवर केलं, त्याचा देखावा करा की. साल पक्कं, गाव पक्कं, रंगारी खूश. वर्गणी सांगलीची आणि पाटी कोल्हापूरची, हे काय बरं दिसतंय का?

हळदगल्ली
भावे दोन वर्षांपूर्वी करून झालेत. शिवधनुष्य पावसात भिजून रामाच्या आधीच मोडलं. फोटो आहेत.

कंदीपेढा
काका, तिन्ही सालांना आधार आहे. प्रश्न एवढाच की 'कंपनी निघाली' म्हणजे नक्की काय झालं असं तुम्ही धरता.

क्रम लावून बघा. बाबूराव मेस्त्री १८९० चे. ते आणि त्यांचे नात्यातले भाऊ आनंदराव, दोघं नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवायचे, म्हणून आडनाव मागं पडलं आणि 'पेंटर' चिकटलं. १९१३ ला फाळक्यांचा राजा हरिश्चंद्र आला. तो पाहून दोघांना सिनेमाचं वेड लागलं. पण वेडाला पैसा लागतो, तो उभा करायला त्यांनी आधी दुसऱ्यांचे चित्रपट दाखवायचा धंदा केला. एकीकडे चित्रपट दाखवायचे, दुसरीकडे घरी कॅमेरा जुळवत बसायचं. त्यात १९१६ ला आनंदराव गेले. बाबूराव मागं हटले नाहीत. शिष्य विष्णुपंत दामले यांना हाताशी धरून त्यांनी १९१८ मध्ये चालता कॅमेरा उभा केला. पहिलं चित्र सैरंध्री, ते पुण्याच्या आर्यन थिएटरात लागलं फेब्रुवारी १९२० मध्ये.

आता जन्म कुठला म्हणायचा? मूल झालं कधी, बारसं कधी आणि दाखल्यावर तारीख कुठली पडली, या तीन गोष्टी आपल्याकडे एका दिवशी कधी होत्या? माझ्या शाळेच्या दाखल्यावर १ जून आहे. आमच्या निम्म्या वर्गाच्या दाखल्यावर १ जून आहे. (बाबूरावांच्या शिष्यांनी पुढं काढलेल्या प्रभात कंपनीची तारीखही १ जून १९२९, पण ती खरी आहे, मास्तरांनी टाकलेली नव्हे.)

हळदगल्ली
पेढेवाले, हे फार छान सांगितलंत, पण रंग्याला मी 'दाखल्यावरची तारीख' असं सांगू शकत नाही.

पडदेवाला
हा धागा बघून राहवलं नाही. आमचे आजोबा फिरत्या नाटक कंपनीत पडदे ओढायला होते. दोरी, कप्पी आणि शिट्टी एवढाच त्यांचा संसार. त्यामुळं पडद्याबद्दल चार शब्द मी बोलणारच.

नाटकाचा पडदा म्हणजे काय ते आताच्या पोरांना कळायचं नाही. प्रत्येक कंपनीकडे ठरलेले पडदे असायचे: राजवाडा, रस्ता, अरण्य, देऊळ, बाग. खाली जड दांडी, वर गुंडाळायची सोय. गावोगावच्या बैलगाड्या, रेल्वेचे डबे आणि पावसातून ते टिकायला हवेत, आणि वातीच्या दिव्यात मागच्या रांगेतल्या माणसालाही राजवाड्याचे खांब आत आत गेलेले दिसायला हवेत. सपाट कापडावर खोली दाखवायची, त्यातच पेंटर बंधूंचा हात बसलेला. लोक नुसत्या पडद्याला टाळ्या द्यायचे, असं आजोबा सांगत.

गंमत पुढं आहे. इतकी वर्षं पडदे रंगवलेल्या माणसानं स्वतःच्या चित्रांतून रंगवलेला पडदा हळूहळू काढून टाकला आणि खरे उभारलेले देखावे आणले. कॅमेऱ्याला कापड लगेच कळतं, ते त्याला सगळ्यांच्या आधी दिसलं असणार, कारण कापड त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? पोशाखाचे, देखाव्याचे नकाशे तो आधी चितारून ठेवायचा. जाहिरातीची चित्रंसुद्धा स्वतः रंगवायचा.

काका, मागच्या बाजूला एक अर्धा गुंडाळलेला पडदा टांगा. खर्च काही नाही, जुनं मांजरपाट आणि पिवडी.

मिरज_जंक्शन
पडदेवाले, आजोबांची आठवण आवडली. पण माझा मुद्दा तिथंच आहे. सांगलीचा काय संबंध?

जाईजुई
संबंधाचं नंतर बघू. काका, चार पुतळे कुणाचे ठरलेत?

हळदगल्ली
बाबूराव, त्यांचे शिष्य दामले आणि फत्तेलाल, आणि शाहू महाराज. महाराजांचा फेटा मागच्या वर्षीचा शिल्लक आहे.

जाईजुई
वाटलंच. आणि पैसे कुणी दिले?

तानीबाई कागलकर. गाणाऱ्या बाई. बाबूरावांकडे कला होती, शिष्य होते, जुळवून जुळवून केलेला कॅमेरा होता, फक्त भांडवल नव्हतं. दहा हजार रुपये या बाईंनी दिले म्हणून कंपनी उभी राहिली. त्याच सुमाराला, १९१८ ला, नाशकात फाळक्यांची हिंदुस्थान कंपनी निघाली, तिच्यामागं मुंबईचे पैसेवाले भागीदार होते. कोल्हापुरात भागीदार कोण? मैफिली करून पै पै जोडलेली एक बाई. जो धंदा कुणी डोळ्यांनी पुरता बघितला नव्हता त्यात तिनं पैसा टाकला. तुम्ही स्थापनेचा देखावा करताय ना? मग स्थापना त्या हातातून झाली. महाराजांचा आश्रय होताच, त्यांना जरूर ठेवा, पण फेटा शिल्लक आहे म्हणून पुतळा ठरवू नका.

आणि बायकांचंच निघालं म्हणून. हरिश्चंद्रात तारामती झाले होते साळुंके, पुरुष. सैरंध्रीत बाबूरावांनी गुलाबबाई आणि अनसूयाबाई या दोघींना उभं केलं. पडद्यासाठी त्यांची नावं कमलादेवी आणि सुशीलादेवी ठेवली. समाजानं त्यांना वाळीत टाकल्यासारखंच केलं होतं. कंपनीत काम नसेल तेव्हा त्या स्वयंपाक करायच्या, झाडलोट करायच्या. नायिका म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर गाडी येते. ह्यांच्या वाट्याला चूल आली.

कंदीपेढा
ताई, पहिल्या बायका सैरंध्रीतल्या असा कुणाचा समज व्हायला नको म्हणून सांगतो. फाळक्यांच्याच मोहिनी भस्मासुरात, १९१३ ला, दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई होत्या.

जाईजुई
पहिल्या असं मी कुठं म्हटलंय? वर जाऊन वाचा. पण मान्य, सांगितलंत ते बरं झालं. त्याच कमलाबाई गोखले, चंद्रकांत गोखल्यांच्या आई.

मिरज_जंक्शन
ताई, तुमचं म्हणणं पटतंय. तरी व्यवहाराचं विचारतो. गणपतीपुढं गाणाऱ्या बाईचा पुतळा म्हटल्यावर मंडळातली जुनी माणसं कुरकुर करणार नाहीत का? मला स्वतःला काही नाही.

जाईजुई
'मला स्वतःला काही नाही' हे वाक्य मी लग्नाच्या याद्यांपासून ऐकत आलेय.

भाऊ, तुम्ही मिरजेचे. मीरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसाला अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ संगीतसभा होते, तिथं बायका गातात आणि अख्खी मिरज मान डोलावते. देवापुढं गाणं चालतं आणि गाणारीनं दिलेला पैसा चालत नाही?

मिरज_जंक्शन
हरलो. पुतळा करा. पण सांगलीचा संबंध अजून कुणी सांगितलेला नाही, हे नोंदवून ठेवतो.

संगमघाट
मी सांगतो. इतका वेळ गप्प वाचत होतो.

सैरंध्रीची गोष्ट कुठली? विराटाच्या घरी दासी होऊन राहिलेली द्रौपदी, तिच्यावर नजर टाकणारा कीचक, आणि भीम त्याला संपवतो. ही गोष्ट महाराष्ट्राच्या तोंडी कुणी बसवली होती? कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी. त्यांचं 'कीचकवध' १९०७ ला रंगभूमीवर आलं. कीचक म्हणजे व्हाइसरॉय कर्झन हे प्रेक्षकांना सांगावं लागत नव्हतं. सरकारलाही कळलं आणि १९१० ला नाटकावर बंदी आली. खाडिलकर जन्मले कुठं, मिरजवाले? सांगलीत.

आता १९२० चं पुणं डोळ्यांपुढं आणा. नाटक बंद आहे. संवाद म्हणायची सोय नाही. आणि पडद्यावर तोच कीचक येतो, तोच भीम येतो, एक शब्द न बोलता. शब्दच नाहीत तर पकडणार काय? वधाचा प्रसंग इतका खरा वठला होता की तो पुढं कापायला लावला. लोकमान्यांनी चित्र पाहून बाबूरावांना 'सिनेमा केसरी' म्हटलं, सुवर्णपदक दिलं. लोकमान्य त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गेले. खाडिलकर 'केसरी'तले, लोकमान्यांच्या जवळचे. मला तरी त्या पदकात कीचकाची जुनी ओळख दिसते. हे माझं मत आहे, इतिहास म्हणून मास्तरांना सांगू नका.

मिरज_जंक्शन
आता कसं! हे आधी सांगितलं असतं तर मी पहिल्याच पोस्टला पाचशे रुपये वर्गणी दिली असती.

हळदगल्ली
स्क्रीनशॉट काढला आहे. पावती पुस्तक घेऊन उद्या पोरगा येतोय.

वायंडिंगवाला
काका, हँडलचं कोण बघतंय? मी कुपवाडला मोटरी भरतो. देखाव्याला वायपरची मोटर घ्या, जुन्या बाजारात मिळती, बारा व्होल्टवर चालती, दहा दिवस रात्रभर फिरली तरी काय होत न्हाई.

खरं गणित असं हाय. त्या काळचा कॅमेरा हातानं फिरवायचा, एका फेरीला आठ चौकटी पुढं सरकायच्या, आन सेकंदाला सोळा चौकटी पायजेत. म्हंजे सेकंदाला दोन फेऱ्या, मिनिटाला एकशेवीस. वायपरची मोटर मिनिटाला चाळीस-पन्नास देती. मोटरीला पाच इंची पुली आन हँडलला दोन इंची लावली की जुळतंय. पण पुठ्ठ्याचा कॅमेरा तेवढ्या वेगात थरथरून सुटणार बगा. माझं ऐका, निम्म्यावर ठेवा.

पडदेवाला
निम्म्यावर ठेवला तर बाबूराव रागावतील. हँडल हळू फिरवलं की पडद्यावर माणसं दुप्पट वेगानं पळतात. भीम-कीचकाची कुस्ती विनोदी होईल.

वायंडिंगवाला
पळू द्या की. विसर्जनाला सगळेच पळत्यात.

ह्यावरनं सुचलं ते लिवतो. माणसं म्हणत्यात 'घरी कॅमेरा बनवला', जसं काय लाडूच वळले. मी दिसभर लेथवर बसतो म्हणून सांगतो. फिल्मच्या कडंला भोकं असत्यात, एका चौकटीला चार. नखीनं त्या भोकात शिरायचं, बरोबर एक चौकट खाली ओढायची, सोडायची, आन फिल्म थांबलेली असताना झडप उघडायची. नखी केसभर इकडं तिकडं झाली की चित्र पडद्यावर नाचणार. ही कामं महायुद्धाच्या दिवसांत, विलायती माल मिळायची मारामार असताना, कोल्हापुरात बसून केली. आमच्या किर्लोस्करवाडीला १९१० पासून लोखंडी नांगर निघत होते, तवाच्या ह्या सगळ्या भागाच्या हातात कायतरी वेगळंच होतं. सालाचं मला इचाराल तर १९१८. कॅमेरा चालला तवा कंपनी झाली. बाकी सगळं कागद.

जाईजुई
आणि कॅमेरा चालवायला कच्ची फिल्म कुठून आणायची, दादा? ती पैशानं येते. माझं मत १९१७.

संगमघाट
आणि चित्र लागलंच नसतं तर आज कुणी विचारलं असतं का? १९२०.

हळदगल्ली
चौथं साल नको हो!

कोरेगावकर
आमच्या साताऱ्याला विसरलात. बाबूरावांचं सगळ्यात नावाजलेलं काम म्हणजे सावकारी पाश, १९२५. जमीन सावकाराच्या घशात गेलेला शेतकरी गाव सोडून शहरात गिरणी कामगार होतो, ही गोष्ट. देव-दानवांच्या आणि मावळ्यांच्या गर्दीत असं साधं धोतरातलं दुःख तोवर कुणी पडद्यावर आणलं नव्हतं. त्यात तरुण शेतकरी झाले होते शांताराम वणकुद्रे, पुढचे व्ही. शांताराम. आणि कथा नारायण हरी आपट्यांची. आपटे जन्मले समडोळीला, म्हणजे तुमच्या सांगलीजवळ, आणि राहिले आमच्या कोरेगावला. आमच्याकडे त्यांची जुनी पुस्तकं अजून माळ्यावर आहेत, कव्हरं गेलेली. पुढं प्रभातच्या कुंकू चित्रपटालाही त्यांचीच कादंबरी, 'न पटणारी गोष्ट'.

सावकार दाखवायला कृष्णाकाठच्या लेखकाला कल्पना करावी लागली नसेल, एवढंच म्हणतो. आमच्या पणजोबांचं दोन बिघे असंच गेलं.

कंदीपेढा
सिंहगड राहिला. १९२३. रात्रीची लढाई कृत्रिम उजेड पाडून घेतली, नाहीतर तोवर सगळा कारभार सूर्यनारायणाच्या भरवशावर. गर्दी इतकी लोटली की ती बघून सरकारला करमणूक कर सुचला असं सांगतात. मुंबई इलाख्याचा करमणूक कराचा कायदा १९२३ चाच आहे खरा.

मिरज_जंक्शन
म्हणजे तानाजी गेला आणि कर आला.

पडदेवाला
हे पाटीवर घाला काका.

हळदगल्ली
पाटी दोन बाय चारची आहे. रंग्या अक्षराला पैसे लावतो.

एक विचारू का? यातलं काही आज बघायला मिळतं का? पोरं म्हणतात मांडवात टीव्ही लावून खरी चित्रं दाखवू.

संगमघाट
सैरंध्री नाही, सिंहगड नाही, मूक सावकारी पाशही नाही. मुरलीवाला आणि सती सावित्री, दोन्ही १९२७ ची, त्यांचे तुकडे शिल्लक आहेत. ती फिल्म नायट्रेटची असायची, ठिणगी पडायचा अवकाश. जी जळली नाही ती चांदीसाठी गेली. फिल्मवर चांदीचा थर असतो, तो काढायला विकत घेणारे असायचे. भंगारवाल्याला भीम-कीचक दिसत नाहीत, वजन दिसतं. कंपनी १९३१ पर्यंत कशीबशी चालली. दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर त्याआधीच बाहेर पडले होते, सीतारामपंत कुलकर्ण्यांना बरोबर घेऊन त्यांनी प्रभात काढली. ती १९३३ ला पुण्याला गेली. ज्या वर्षी प्रभात निघाली त्याच वर्षी आपल्या आयर्विन पुलाचं उद्घाटन झालं. पूल अजून आहे, पुरात पाणी किती चढलं ते त्याच्यावरच वाचतो आपण. चित्रं वाहून गेली.

टीव्ही नका लावू. पोरांना पुठ्ठ्याचाच कॅमेरा करू दे.

हळदगल्ली
मंडळी, काल रात्री बैठक झाली, त्याचा वृत्तांत देतो.

शाहू महाराज मागं उभे, आशीर्वाद द्यायला. फेटा तोच. पुढं डावीकडे तानीबाई, हातात पैशाची थैली. मधे कॅमेरा, हँडलवर बाबूराव. दामले आणि फत्तेलाल दोघं कॅमेऱ्याकडे वाकून बघताहेत. मागं पडदेवाल्यांनी सांगितलेला अर्धा गुंडाळलेला राजवाडा, तो रंगवायला पडदेवाले स्वतः रविवारी येतायत. त्यांची सोय मारुती चौकात पुतण्याकडे केलीय.

कुरकुर झाली. एक ज्येष्ठ म्हणाले, "बाई कशाला?" मी जाईजुईताईंची पोस्ट मोबाईलवरनं मोठ्यानं वाचली. दर्ग्याच्या वाक्याला त्यांनी स्वतःच मान डोलावली, कारण ते दरवर्षी उरुसाला पहाटेपर्यंत बसलेले असतात.

साल: पाटीवर १ डिसेंबर १९१७ घालतोय. कोल्हापूरकर त्या दिवशी हार घालतात, आपण त्यांच्या घरात जाऊन वाद का घाला? पण कॅमेऱ्याच्या बुडाशी लहान अक्षरांत '१९१८' आणि पडद्याच्या दांडीवर 'सैरंध्री १९२०, कथा आपल्या खाडिलकरांच्या कीचकवधाची'. रंग्या म्हणाला, "काका, आकड्याचे वेगळे पैसे." दिले.

मिरज_जंक्शन
'आपल्या' हा शब्द माझ्या पाचशेतला धरा.

जाईजुई
तानीबाईंना साडी कुठली नेसवताय? पॉलिस्टरची सहावारी नेसवलीत तर मी मांडवात येऊन सोडवीन. माझ्या आजीचं जुनं इरकली नऊवार आहे, काठ चांगला आहे. बुधवारी आणून देते. नेसवायलाही मीच येते, तुमच्या पोरांना काष्टा जमायचा नाही.

हळदगल्ली
ताई, या. चहाची सोय आहे.

वायंडिंगवाले, मोटर बसवली. पुली बसली. पण हँडल उलटं फिरतंय, बाबूराव चित्र घेतायत का परत करतायत कळत नाही.

वायंडिंगवाला
मोटरीच्या दोन वायरी बदलून लावा. लाल तिथं काळी.

हळदगल्ली
झालं. सरळ फिरतंय. पण पोरांनी तानीबाईंची थैली सुपारीच्या बटव्याएवढी केलीय. दहा हजार मावायचे नाहीत त्यात, तेही चांदीच्या रुपयांचे. उद्या मोठी शिवून घेतो.